रात्र कोणाच्या ताब्यात : प्रस्तावना

दसरा-दिवाळी उलटली, कारखान्याचा बॉयलर पेटला आणि गव्हाणीत पहिली मोळी पडली की वाळवा तालुक्याची झोप चार-पाच महिने विस्कटते. साखराळ्याचा राजारामबापू पाटील सहकारी कारखाना असो की वाळव्याचा हुतात्मा किसन अहिर, एकदा गळीत सुरू झालं की यंत्रं चोवीस तास फिरतात. ती फिरवावीच लागतात, कारण ऊस तुटल्या क्षणापासून त्यातली साखर घटायला लागते आणि बॉयलर काही रोज विझवून रोज पेटवता येत नाही. म्हणून कामगाराला तीन पाळ्या, ट्रॅक्टरवाल्याला रात्रभर रांग आणि बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळीला पहाटेची हाक. पेठ नाक्यावर पुणे-बंगळूर महामार्ग तर बारमाही जागाच असतो. इस्लामपुरातल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची मुलं मध्यरात्र उलटेपर्यंत बसलेली असतात आणि त्याच वेळी त्यांची थोरली भावंडं हिंजवडीत अमेरिकेच्या घड्याळावर काम करत असतात.

ताण, अपुरी झोप आणि बर्नआउट या विषयांवर मराठीत पुस्तकं कमी नाहीत. त्यांतली बरीचशी चांगलीही आहेत. झोपण्याआधी मोबाइल बाजूला ठेवा, दीर्घ श्वास घ्या, संध्याकाळनंतर चहा टाळा, वेळेचं नियोजन करा, हे सल्ले चुकीचे नाहीत आणि या पुस्तकातही त्यातले काही आले आहेत. पण या सगळ्या सल्ल्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: वाचकाची रात्र वाचकाच्या ताब्यात आहे. आमचं पुस्तक या गृहीतकापाशी थांबतं आणि विचारतं, इथे किती जणांची रात्र खरंच त्यांची स्वतःची आहे?

इथल्या शेतकऱ्याला विचारा, झोप का होत नाही? तो ताणाचं नाव घेणार नाही. "या आठवड्यात लाईट रातची हाय," एवढंच सांगेल. शेतीपंपांच्या वाहिनीवर थ्री फेज वीज ठरावीक तासांपुरती मिळते आणि तीही पाळीपाळीनं, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की घरातला एक माणूस बॅटरी, काठी आणि फावडं घेऊन निघतो. मोटर सुरू करायची, पाटाला पाणी येईपर्यंत थांबायचं, मग सरीमागून सरी दारं मोडत जायची. ऑटो स्टार्टर आल्यापासून मोटर आपोआप चालू होते, मोबाइलवरूनही चालू-बंद करता येते. पण पाणी कुठल्या सरीत शिरलं, बांध कुठे फुटला, हे बघायला माणूसच लागतो. ठिबक केलेल्या रानात हा त्रास कमी, पण प्रत्येकाकडे ठिबक नाही. वाढलेल्या उसात चार हातांपलीकडचं दिसत नाही. पायाखाली नाग किंवा घोणस असू शकते आणि वाळवा-शिराळ्याच्या उसात बिबट्याची मादी पिलं घालते, ही आता बातमी राहिलेली नाही. अशा जागी माणूस बांधावर पडून डुलकी काढतो तेव्हाही त्याचे कान जागेच असतात. उजाडता उजाडता घरी यावं तर गोठ्यात धार काढायची वेळ, मग डेअरीची वेळ. दिवसा पडावं तर वरचा पत्रा तापलेला आणि दारात माणसांची ये-जा. चार दिवसांत अंग कसंबसं या वेळापत्रकाला सरावतं, तोवर पाळी बदलते.

अंगात नेमकं काय होतं, हे झोपेच्या शास्त्रानं गेल्या सत्तर वर्षांत बऱ्यापैकी उलगडलं आहे. १९५३ साली शिकागोत युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेतला एक वेगळाच टप्पा नोंदवला. त्यात बंद पापण्यांखाली बुबुळं वेगानं हलतात आणि मेंदू जवळजवळ जागेपणासारखा काम करतो. झोप म्हणजे नुसता दिवा मालवणं, ही समजूत तिथे संपली. १९८२ मध्ये अलेक्झांडर बोर्बेली यांनी मांडलेलं चित्र आजही सगळ्यांत उपयोगी आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार झोप दोन गोष्टींच्या मेळातून येते. पहिली म्हणजे जागेपणी साठत जाणारी गरज: जितका वेळ जागे, तितका मेंदूत ॲडिनोसिनसारख्या द्रव्यांचा साठा वाढतो, आणि चहा-कॉफी तरतरी देतात त्या या ॲडिनोसिनची वाट तात्पुरती अडवून. दुसरी म्हणजे शरीराचं घड्याळ. डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर पेशींचा एक बारीक पुंजका आहे. तो उजेड-अंधार पाहून अंगाला दिवस-रात्र सांगतो. हे घड्याळ पेशीच्या आत जनुकांच्या पातळीवर कसं चालतं, हे फळमाशीवर शोधून काढणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

रात्रीचं पाणी पाजून आलेल्या माणसाची गोची इथे कळते. झोपेची गरज ओसंडून वाहते आहे आणि घड्याळ सांगतं आहे की सकाळ झाली. झोप लागते, पण तुटक, उथळ, दोन-तीन तासांची. हे घड्याळ सरकायला तयार असतं, पण दिवसाला तासाभराच्या आसपासच सरकतं. चार दिवसांनी पाळी पालटणाऱ्या वेळापत्रकाशी ते कधीच जुळू शकत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातलं आणि २०१९ मध्ये रात्रीच्या कामाबद्दल तोच निष्कर्ष कायम ठेवला. साखर कारखान्याच्या रात्रपाळीलाच हे लागू आहे असं नाही. रात्री दारं धरणारा शेतकरी हाही रात्रपाळीचा कामगार आहे. त्याची नोंद मात्र कुठल्याच हजेरीपटावर होत नाही.

एक भारतीय प्रयोग इथे मुद्दाम सांगायला हवा. काही अर्थशास्त्रज्ञांनी चेन्नईत कमी उत्पन्नाच्या ४५२ लोकांची झोप मनगटावरच्या यंत्रानं मोजली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही माणसं रात्री सुमारे आठ तास अंथरुणावर असत, पण प्रत्यक्ष झोप होई साडेपाच तासांच्या आसपास. उकाडा, डास, गोंगाट, दाटीवाटी. त्यांना पंखे, उशा, डोळ्यांवरच्या पट्ट्या दिल्या, मार्गदर्शन केलं. झोप रोज जवळजवळ अर्ध्या तासानं वाढली, पण ती तशीच तुटक राहिली आणि कामात किंवा मनःस्थितीत म्हणावा असा फरक पडला नाही. फरक पडला तो दुपारी कामाच्या जागी मिळालेल्या अर्ध्या तासाच्या शांत डुलकीनं. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. झोप तासांत मोजून भागत नाही. तिला निवारा लागतो, आणि दुपारच्या वामकुक्षीला आळस ठरवण्याआधी आपण दहा वेळा विचार करायला हवा.

आता ताणाकडे. या विषयाचा आधुनिक इतिहास सांगताना हान्स सेल्ये यांच्यापासून सुरुवात करण्याची रीत आहे. त्याआधी, १९१५ च्या सुमारास, अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांनी 'लढा किंवा पळा' ही शरीराची आणीबाणीची तयारी वर्णन केली होती: छाती धडधडते, रक्त स्नायूंकडे धावतं, पचन थांबतं. बिबट्या समोर आला तर हीच तयारी जीव वाचवते. सेल्ये यांनी १९३६ मध्ये 'नेचर'मधल्या एका छोट्या पत्रात पुढचा प्रश्न घेतला: ही तयारी संपलीच नाही तर? उंदरांवरच्या प्रयोगांतून त्यांनी तीन अवस्था मांडल्या. आधी धोक्याची घंटा, मग तग धरणं आणि शेवटी गळून जाणं. ताण या कल्पनेला शरीरशास्त्रात जागा मिळाली ती त्यांच्यामुळे. पण त्यांच्या उत्तरायुष्यातली एक गोष्टही वाचकाला माहीत असावी. तंबाखू कंपन्यांनी त्यांच्या कामाला पैसा पुरवला. माणसं ताणामुळे आजारी पडतात, हे म्हणणं त्या कंपन्यांच्या सोयीचं होतं. ताणाची भाषा दोष झाकायलाही वापरता येते, हे तेव्हापासून दिसत आलं आहे. म्हणूनच कामगारांना विश्रांतीऐवजी ताण-नियोजनाची कार्यशाळा देणारी व्यवस्था मला नेहमी संशयास्पद वाटते.

सेल्ये यांच्यानंतर वाट दोन दिशांना फुटली. एक गेली मनाकडे. रिचर्ड लॅझारस यांनी दाखवलं की एकच प्रसंग दोघांना सारखा ताण देत नाही. आपण त्याचा काय अर्थ लावतो आणि तो पेलायला आपल्याकडे काय आहे असं आपल्याला वाटतं, त्यावर बरंच ठरतं. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती याच घराण्यातली, आणि ती महाराष्ट्रात चांगली रुजली. ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थमधून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती मराठी घरांत पोहोचवली. अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीमुळे ती वाचकांच्याही ओळखीची झाली. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभ्या केलेल्या 'परिवर्तन'नं व्यसनमुक्तीपासून सुरुवात करून मनाच्या आरोग्याचं काम आपल्या या पट्ट्यात आणलं. या परंपरेचे उपकार मोठे आहेत. वेड लागलं म्हणून देवऋष्याकडे नेण्याच्या काळात तिनं बोलायला शिकवलं.

दुसरी वाट गेली कामाच्या रचनेकडे, आणि माझा कल तिकडे आहे हे लपवण्यात अर्थ नाही. लंडनमधल्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. तोवर समज असा की जबाबदारीच्या ओझ्यानं साहेबाला हार्ट ॲटॅक येतो. मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांना उलटं आढळलं: हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांत सर्वांत वरच्यांच्या तिपटीहून अधिक होतं, आणि सिगारेट, रक्तदाब वगैरे वजा केल्यावरही फरक उरत होता. १९७९ मध्ये रॉबर्ट कॅरासेक यांनी याचं एक स्पष्टीकरण दिलं. कामाची मागणी मोठी असणं एवढ्यानंच माणूस खचत नाही. मागणी मोठी आणि ते काम कसं, केव्हा करायचं यावर ताबा मात्र नाही, अशी जोडी जमली की खचतो. योहानेस सीग्रिस्ट यांनी आणखी एक पैलू जोडला: जिवापाड मेहनत आणि त्या मानानं मोबदला, मान, स्थैर्य काहीच नाही. या दोन सूत्रांनी आपल्या गावाकडे पाहा. पाण्याची पाळी, तोडीची चिठ्ठी, उसाची बिलं, टँकरची वाट, मुकादमाची उचल. मागणी अफाट, ताबा दुसऱ्याकडे.

ऊसतोड बायकांच्या बाबतीत हे सूत्र अंगावर येतं. पहाटे तीन-चारला उठून पाणी, भाकरी, पोरं. मग फडात कोयता, मोळ्या डोक्यावर. संध्याकाळी कोपीवर परतून पुन्हा चूल आणि रात्री गाडी आली तर भरणी. एक दिवस पडून राहिलं तर खाडा, म्हणजे मजुरी नाहीच, वर दंड. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. या बायकांना कुठला समुपदेशक वेळेच्या नियोजनाचा सल्ला देणार?

बर्नआउट ही कल्पना त्या मानानं नवी. १९७४ मध्ये न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल लिहिलं. सगळ्यांत मन लावून काम करणारीच आधी जळून जातात, हे त्यांचं निरीक्षण होतं. क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ते मोजण्याची प्रश्नावली केली आणि तीन खुणा सांगितल्या: त्राण संपणं, ज्यांच्यासाठी काम करायचं त्या माणसांबद्दलच कोरडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. दुसरी खूण महत्त्वाची आहे. वॉर्डातली नर्स खेकसते, मास्तर मुलांची नावं विसरतात, आशाताई "जाऊ द्या, काय फरक पडतो" म्हणायला लागतात, तेव्हा आपण स्वभावाला नावं ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या जागी वर्षानुवर्षं न हाताळलेल्या ताणातून उपजणारी अवस्था म्हणून. म्हणजे दुरुस्ती माणसात करायची तितकीच कामाच्या जागेत.

इस्लामपूरला याचा धडा मार्च २०२० मध्ये मिळाला. सांगली जिल्ह्यातले कोरोनाचे पहिले रुग्ण इथे सापडले आणि रातोरात हे गाव राज्यभर टीव्हीवर गेलं. रस्ते बंद, घरोघर तपासणी, विलगीकरण. साथ त्या वेळी आटोक्यात आली आणि कौतुकही झालं. पण दारोदार फिरून ताप विचारणाऱ्या आशा, सफाई कामगार, नर्स, पोलीस यांच्यासाठी ती पहिली फेरी होती. त्यानंतर दोन लाटा आल्या, आणि मधल्या जुलै २०२१ मध्ये कृष्णा-वारणेचा महापूर. २०१९ चा पूर अजून भिंतींवरून गेला नव्हता. कोयनेतून किती सोडलं, सांगलीत आयर्विन पुलाची पातळी किती, हे मोबाइलवर बघत नदीकाठानं किती रात्री काढल्या, याला हिशेब नाही. अजूनही ऑगस्टमध्ये संततधार लागली की बोरगाव, बहे, वाळवा पट्ट्यात माणसं गाढ झोपत नाहीत.

झोपेचा आणि शिणवट्याचा विचार पश्चिमेनंच केला असं मात्र नाही. चरकानं आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे देह तोलून धरणारे तीन उपस्तंभ मानले आणि झोपेवर मोठं विवेचन केलं. सुख-दुःख, बळ-दुर्बलता, ज्ञान-अज्ञान या सगळ्या जोड्या त्यानं झोपेशी बांधल्या. दिवसाची झोप एरवी निषिद्ध, पण उन्हाळ्यात रात्री लहान असतात तेव्हा चालेल. म्हातारे, लहान मुलं, ओझी वाहून आणि वाट चालून थकलेले यांना तर ती कधीही चालेल. नियम सांगताना कष्टकऱ्याचा अपवाद करणारं हे शास्त्र मला फार शहाणं वाटतं. समर्थ रामदासांनी 'दासबोधा'च्या अठराव्या दशकात निद्रानिरूपणाचा एक अख्खा समासच लिहिला. झोपलेल्या माणसांचे नाना प्रकार त्यांनी त्यात बारकाईनं टिपले आहेत. त्यांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी बहे आणि शिराळा इथले दोन आमच्या अगदी शेजारचे. समर्थांचा भर अर्थातच जागं होण्यावर. लोणावळ्यात १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू करून योगाला प्रयोगशाळेत नेलं. योगनिद्रा आणि प्राणायाम आज जगभर ताणावरचा उपाय म्हणून सांगितले जातात, त्यामागे या मराठी मुलखातल्या कामाचाही वाटा आहे.

पण आपल्या परंपरेतली सर्वांत बोलकी गोष्ट पंढरपूरची आहे. आषाढी वारीच्या आधी विठ्ठलाचा पलंग काढतात. वारकऱ्यांची दर्शनं चोवीस तास व्हावीत म्हणून देव झोपत नाही. शेजारती बंद, पाठीशी फक्त टेकायला लोड. वारी सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाला गरम पाण्यानं न्हाऊ घालतात, पलंग परत येतो आणि रात्री औषधी काढ्याचा नैवेद्य दाखवतात, इतके दिवस उभं राहून आलेला शीण जावा म्हणून. ज्या समाजानं देवाचाही थकवा मोजला, जागरणाला मुदत घातली आणि मुदत संपल्यावर विश्रांती हक्कानं देऊ केली, त्याच समाजात गिरणीच्या, कारखान्याच्या, वीजवाहिनीच्या वेळापत्रकात माणसासाठी ही प्रक्षाळपूजा कधी लिहिली गेली नाही.

ती भांडून मिळवावी लागली, आणि भांडणारी माणसं मराठी होती. मुंबईच्या गिरण्यांत उजाडल्यापासून मावळेपर्यंत, सुट्टीविना काम चाले. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या तासांना हद्द. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला सुमारे १०,००० कामगार जमले. त्यांच्यापुढे दोन कामकरी बायकाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे विजेचे दिवे आले आणि अंधार हीच जी काय नैसर्गिक मर्यादा होती तीही गेली. १९०५ च्या सुमारास मुंबईत चौदा-पंधरा तास काम होऊ लागलं, त्यावर दंगे झाले, आणि १९११ च्या कायद्यानं कापड गिरण्यांत पुरुषांना बारा तासांची हद्द घातली. १९३४ च्या कायद्यात आठवड्याला ५४ तास होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत असताना त्यांनी आणलेल्या दुरुस्तीनं १९४६ मध्ये ते ४८ झाले. या तालुक्यातल्या वाटेगावचा एक पोरगा वडिलांबरोबर चालत मुंबईला गेला, गिरणीतही राबला आणि त्या जगण्याचं साहित्य केलं. ते अण्णा भाऊ साठे. वाळव्यातून मुंबईला गेलेल्या प्रत्येक घराकडे या इतिहासाचा एखादा तुकडा आहे.

हे सगळं आत्ताच का लिहायचं? कारण हद्द पुन्हा मागे सरकते आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं; जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं ९० तासांचं वक्तव्य गाजलं. मधल्या काळात, जुलै २०२४ मध्ये, पुण्यात एका बड्या लेखापरीक्षण कंपनीत नुकतीच लागलेली २६ वर्षांची मुलगी गेली आणि तिच्या आईच्या पत्रानं देशाला कामाच्या ओझ्यावर बोलायला लावलं. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यांतल्या कामाची रोजची मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर न्यायला मंजुरी दिली. कामाच्या वेळेनंतर साहेबाचा फोन न घेण्याचा हक्क मागणारं सुप्रिया सुळे यांचं खासगी विधेयक २०१८ च्या अखेरीस लोकसभेत मांडलं गेलं. ते कायदा झालेलं नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये काढलेला अंदाज असा की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम केल्यामुळे झालेल्या पक्षाघात आणि हृदयविकारानं २०१६ या एका वर्षात जगात ७,४५,००० माणसं दगावली. आणि या सगळ्या मोजणीत घरकाम धरलेलंच नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटांचा वेळ बिनमोल घरकामात जातो, पुरुषांचा ८८ मिनिटं. नोकरी करून घर चालवणाऱ्या बाईची झोप कुठे जाते, हे या दोन आकड्यांत दिसतं.

शेतकऱ्याच्या रात्रीबद्दलही काही हललं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं कोल्हापुरात महावितरणच्या दारात ठिय्या दिला तो दिवसा दहा तास विजेसाठी. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती. ज्या वाहिन्यांवर सौर प्रकल्प जोडले गेले तिथे दिवसाची वीज मिळू लागली आहे. झोपेवर इतका परिणाम करणारी दुसरी योजना मला दिसत नाही, आणि आरोग्य खात्याच्या कुठल्याच कागदावर ती आरोग्ययोजना म्हणून नोंदलेली नाही.

रचनेबद्दल एवढं बोलल्यावर एक इशाराही द्यायला हवा. झोप न लागणं हा आजारही असतो आणि त्यावर उपचार आहेत. जोरजोरात घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. झोपेत श्वास अडकत असेल तर तपासणी हवीच. महिनोन्‌महिने झोप येत नसेल तर गोळीआधी वर्तनोपचार करावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ मध्येच केली. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या आणि झोपेसाठी घेतलेली दारू यांनी इथली किती घरं बसली, हे डॉक्टरांनी या पुस्तकात सांगितलं आहे. मन फारच खचलं असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

पुस्तकाची आखणी यातूनच झाली. इथे लिहिणाऱ्यांत पाण्याच्या पाळीला जाणारे शेतकरी आहेत, कारखान्याच्या पॅन विभागातले कामगार, ट्रकचालक, आशाताई, शिक्षिका, अभ्यासिकेतली मुलं, पुण्याहून शनिवारी गावी येणारे संगणक अभियंते आणि त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या आया. मानसोपचारतज्ज्ञ, वैद्य आणि कामगार संघटनेतले कार्यकर्तेही आहेत, आणि ते सगळे एकमेकांशी सहमत नाहीत. वैद्यांना दिवसाच्या झोपेबद्दल जे वाटतं ते झोपतज्ज्ञाला पटत नाही. संघटनेच्या माणसाला ध्यानधारणेचा वर्ग म्हणजे पळवाट वाटते. हे मतभेद आम्ही जुळवून घेतलेले नाहीत. बोलीही तशीच ठेवली आहे. नावं मात्र बदलली आहेत, कारण बऱ्याच जणांना आपल्या मालकाच्या, मुकादमाच्या किंवा सासूच्या नजरेस हे पडू द्यायचं नव्हतं.

शेवटी जोडलेलं कोष्टक फाडून वापरण्यासाठी आहे. झोपतज्ज्ञ रुग्णाला दोन आठवडे झोपेची नोंद ठेवायला सांगतात: कधी पडलो, कधी झोप लागली, किती वेळा जाग आली, कधी उठलो. आम्ही त्यात एक रकाना वाढवला आहे: जाग कशामुळे आली. वीज आली, बाळ रडलं, गाडी भरायला हाक आली, साहेबाचा मेसेज, नदीचं पाणी, काळजी, किंवा काहीच कारण नाही. शेवटच्या कारणानंच रकाना भरला तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. वीज हे कारण पुन्हा पुन्हा आलं असेल, तर त्याच वाहिनीवरच्या शेजाऱ्यांचे कागद एकत्र करा, वर वाहिनीचं नाव लिहा आणि पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावा.